खिडकी कोणी उघडली?

सिॲटलच्या दक्षिणेला एका लाकडी ऑफिस-इमारतीत आम्ही खिडक्यांना मोटारी बसवल्या, त्या छतावरच्या हवामान-केंद्राशी जोडल्या आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली. त्यानंतर जी पहिली लेखी तक्रार आली ती उकाड्याची नव्हती आणि थंडीचीही नव्हती. तिसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं, की खिडकी आपली आपण उघडते, हे मला आवडत नाही. मी त्या वेळेच्या नोंदी काढून पाहिल्या. खोलीत तेवीस अंश, कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सातशे भागांच्या आसपास, वारा मंद, पाऊस नाही. आमच्या पडद्यावर सगळं हिरवं.

माझा धंदा इमारतींच्या नियंत्रणांचा. आम्हाला ‘कंट्रोल्सवाले’ म्हणतात. पंप कधी सुरू व्हावा, दिवे कधी मालवावेत, खिडकी किती उघडावी याचे नियम आम्ही लिहितो आणि यंत्रणेत भरतो. आयुष्याचा मोठा भाग बंद काचेच्या इमारतींत गेला, जिथे खिडकीतून फक्त बघायचं असतं. त्या बाईंच्या दोन ओळींना द्यायला माझ्याकडे तांत्रिक उत्तर नव्हतं, कारण त्यांनी तांत्रिक काही विचारलंच नव्हतं. त्यांना म्हणायचं होतं ते एवढंच: खिडकी कोणी उघडली?

या प्रकारच्या इमारतींचं आमच्या गावातलं नावाजलेलं उदाहरण म्हणजे बुलिट सेंटर. ही सहा मजली इमारत २२ एप्रिल २०१३ रोजी, वसुंधरा दिनी उघडली. मुहूर्त मुद्दाम साधलेला होता, कारण ती उभारणाऱ्या बुलिट फाउंडेशनचे तेव्हाचे प्रमुख डेनिस हेज हे १९७०च्या पहिल्या वसुंधरा दिनाचे राष्ट्रीय संयोजक. खालचे दोन मजले काँक्रीटचे, वरचे चार डग्लस फरच्या लाकडाचे. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या जाडजूड तुळया, ज्यांना आम्ही ग्लुलॅम म्हणतो, तिथे उघड्याच ठेवल्या आहेत. इमारत २५० वर्षं टिकावी अशा हिशेबाने बांधली आहे. तिच्या खिडक्या मला विशेष आवडतात. काच बिजागरीवर न फिरता भिंतीला समांतर राहून सरळ बाहेर सरकते, त्यामुळे चारही बाजूंनी फट पडते. वरच्या फटीतून कोमट हवा निघून जाते, खालच्या फटीतून गार हवा आत येते. पंख्याची गरज लागत नाही. उन्हाळ्यात रात्री सगळे घरी गेले की यंत्रणा खिडक्या उघडते, लाकडी तक्तपोशीवर ओतलेला काँक्रीटचा थर रात्रभर गार होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गारवा पुरतो. लाकूड हलकं, उष्णता साठवून ठेवायला कच्चं. म्हणून तो थर.

या इमारतींचा दुसरा विशेष असा, की त्या जागेवर बांधल्या कमी जातात आणि जोडल्या जास्त जातात. खांब, तुळया, भिंतींचे पाट कारखान्यात कापून, भोकं पाडून, क्रमांक घालून येतात. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातलं ब्रॉक कॉमन्स हे अठरा मजली वसतिगृह घ्या. त्याचा लाकडी सांगाडा, भाग येऊन पडल्यावर, सत्तर दिवसांच्या आत उभा राहिला. आमच्यासारख्यांना याचा अर्थ असा, की खिडकीच्या मोटारीची वायर कोणत्या तुळईतून जाणार हे झाड कारखान्यात शिरायच्या आधी ठरवावं लागतं. मागाहून सुताराला ‘जरा इकडे सरकव’ म्हणायची सोय नाही. वायरचं भोक म्हणजे प्रारब्ध. एकदा पडलं की भोगायचं.

आता त्या बाईंकडे येतो. माणसाला इमारतीत बरं कधी वाटतं, या विषयावर रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर या दोघांनी १९९८ मध्ये मोठं काम प्रसिद्ध केलं. चार खंडांतल्या १६० इमारतींमधून जमवलेल्या सुमारे २१ हजार नोंदी त्यांनी तपासल्या. बंद, वातानुकूलित इमारतींतली माणसं तपमान एखाद्या अंशाने सरकलं तरी कुरकुरतात आणि उघडणाऱ्या खिडक्यांच्या इमारतींतली माणसं बरंच जास्त चालवून घेतात, असं त्यात दिसलं. कपडे, सवय, हवामान ही कारणं धरूनही फरक उरत होता. मग याच मंडळींनी कॅलिफोर्नियात बर्कलीच्या नगर-कार्यालयाच्या इमारतीत माणसांना विचारलं. काहींच्या हाताशी खिडकी होती, काहींच्या नव्हती. खोलीतलं तपमान जवळपास तेच, कपडे तसेच, काम तसंच, तरी ज्यांना खिडकी उघडता येत होती त्यांना ‘ठीक आहे’ वाटणारं तपमान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दीड अंशाने वेगळं निघालं, आणि ते प्रत्यक्ष खोलीतल्या तपमानाच्या जास्त जवळ होतं. म्हणजे आहे त्यात त्यांचं भागत होतं.

दीड अंश म्हणजे किरकोळ वाटेल. मोठ्या इमारतीत त्या दीड अंशावर यंत्रं बसवावी लागतात किंवा टाळता येतात.

हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली आणि थोडी अडचणही. लहानपणापासून कानावर होतं ते नेमकं उलट. कर्तेपण सोडलं की शांती मिळते. गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दरवाजांचं नगर म्हटलं आहे आणि त्यात सुखाने बसलेला जो आहे तो काही करत नाही, करवीतही नाही, असं सांगितलं आहे. इथे बर्कलीत मोजून पाहिलं तर दरवाजा ज्याच्या हातात तोच सुखी. मग आमच्या मोटारी त्या बाईंना मोक्षाच्या जवळ नेत होत्या की लांब?

कुडाळला ताईला फोन केला. ती संस्कृत शिकवून निवृत्त झाली, आणि माझ्या धंद्याबद्दल तिचं मत पहिल्यापासून फारसं चांगलं नाही.

“अरे, कर्तेपण सोडायचं म्हणजे हात काढून घ्यायचा असं तुला कोणी सांगितलं? अर्जुनाला धनुष्य खाली ठेवू दिलं का?”

“नाही.”

“मग? हात चालू राहिला पाहिजे, त्यातला ‘मी’ गेला पाहिजे. तू त्या बाईचा हात काढून घेतलास आणि ‘मी’ ठेवलास.”

“कुणाचा मी?”

“ते तू बघ. अठरावा अध्याय काढ.”

अठराव्या अध्यायात कुठलंही कर्म घडायला लागणारी पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. मी सवयीप्रमाणे ती आमच्या आराखड्यावर मांडून पाहिली. अधिष्ठान म्हणजे इमारत. करण म्हणजे मोटार, साखळी, तपमान आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारे सेन्सर. चेष्टा म्हणजे काचेचं ते काही इंच बाहेर सरकणं. दैव म्हणजे छतावरच्या केंद्राला लागलेला वारा आणि पाऊस, त्यावर आमची सत्ता नाही. चार सापडली. कर्त्याच्या जागी मी काय लिहायचं? मोटार? ती करण आहे. संगणक? तोही करणच. खोलीतली बाई? तिने तर तक्रार केली आहे.

खरं उत्तर सरळ होतं. आदल्या हिवाळ्यात माझ्या टेबलाशी बसून मी एक ओळ लिहिली होती: खोली साडेबावीसच्या वर गेली, बाहेर तिच्याहून गार असेल आणि वारा एका मर्यादेखाली असेल, तर तिसऱ्या मजल्याच्या पूर्वेकडच्या खिडक्या तीस टक्के उघडाव्यात. त्या दुपारी खिडकी मी उघडली होती. फक्त तेव्हा मी तिथे नव्हतो. यंत्राने कर्ता नाहीसा केलेला नाही, त्याला दूर नेऊन बसवला आहे, जिथून तो दिसत नाही. बाईंना ‘आपली आपण’ उघडणाऱ्या खिडकीत एक परका माणूस जाणवत होता, आणि ती जाणीव चुकीची नव्हती.

हे एकदा ध्यानात आल्यावर लाकडाकडे बघण्याची माझी नजरही बदलली, त्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण या इमारतींच्या पुण्याचा निम्मा हिशेब लाकडावर मांडलेला असतो. एक घनमीटर सूचिपर्णी लाकडात झाडाने हवेतून घेतलेला साधारण पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइड कार्बनच्या रूपात अडकून राहतो. तो जळला किंवा कुजला नाही तर तिथेच राहतो. सिमेंट आणि पोलाद यांचं उलट आहे, ते बनवतानाच धूर सोडतात. हिशेब बरोबर आहे. पण झाड कोणी तोडलं?

आमच्या गावाकडे देवराईतलं झाड देवळाच्या कामाखेरीज तोडत नाहीत. देवळाचा खांब बदलायचा झाला तर आधी गाऱ्हाणं घालायचं, मग कौल घ्यायचा. देवाला तांदूळ किंवा पाकळ्या लावतात आणि उजवी पडली की डावी यावर होकार-नकार ठरतो. आजोबा मानकऱ्यांपैकी होते. एकदा फणसासाठी लावलेला कौल डावा गेला आणि ते झाड राहिलं, देवळाचा खांब पुढे बाहेरून विकत आणलेल्या लाकडाचा झाला, असं ते सांगत. याहून जुना दाखला वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे. मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात शिरण्यावर तिथे एक अख्खा अध्याय आहे. आदल्या रात्री झाडाची पूजा करायची, त्यावर वसणाऱ्या भूतांना दुसरीकडे राहायला जाण्याची विनंती करायची आणि सकाळी मध-तूप लावलेल्या कुऱ्हाडीने घाव घालायचा. कुऱ्हाडीला मध! घाव घालणाऱ्याला तो घाव आहे हे विसरू न देण्याची ती युक्ती असावी, असं मला वाटतं. शास्त्री वेगळं सांगतील.

इथे वॉशिंग्टन राज्यात आता हार्वेस्टर नावाचं यंत्र चालतं. त्याचा जबडा खोड धरतो, कापतो, आडवं करतो, फांद्या सोलतो आणि ठरलेल्या लांबीचे ओंडके पाडतो, आणि चालवणारा काचेच्या केबिनमध्ये बसलेला असतो. पुढे कारखान्यात संगणकावर चालणारी करवत. त्यानंतर १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एफएससीचा शिक्का, की जंगल जबाबदारीने राखलं आहे. या शिक्क्याची टिंगल मी करणार नाही. या भागाने १९८०च्या आणि १९९०च्या दशकांत लाकडावरून कडवट भांडणं पाहिली आहेत. ठिपकेवालं घुबड १९९० मध्ये संकटग्रस्तांच्या यादीत गेलं, १९९४ मध्ये वायव्येतल्या सरकारी जंगलांची योजना आली, आणि जुन्या, शेकडो वर्षांच्या झाडांवरची करवत बरीचशी थांबली. ग्लुलॅम बारीक, तरुण झाडांच्या फळ्यांतून होतो, हेही चांगलंच. उलट आमच्या कौलाने कोकणातलं जंगल वाचलं, असं म्हणायला मी धजणार नाही. देवराया राहिल्या, त्यांच्या भोवतालचं रान गेलं. तेव्हा जंगलाच्या दृष्टीने शिक्का कौलाहून बरा. माणसाच्या दृष्टीने मात्र कौल बरा, कारण कौल लावणारा माणूस समोर उभा असतो, गाव त्याला ओळखतं, आणि देव नाही म्हणू शकतो. शिक्का मारलेल्या तुळईखाली बसलेल्या माणसाला विचारा, हे झाड कोणी तोडलं? तो कागद दाखवेल. खिडकीचंही तसंच आहे. विचारलं तर आम्ही नोंदी दाखवतो.

इथे एखादा म्हणेल, मग मोटारी काढा, साध्या कड्या लावा, ज्याची खिडकी त्याच्या हातात. मलाही हे सोपं वाटलं असतं, जर २०२१चा जून आणि २०२२चा ऑक्टोबर पाहिला नसता.

२८ जून २०२१ रोजी सिॲटलमध्ये पारा बेचाळीस अंशांवर गेला. विदर्भातल्या माणसाला यात काही वाटणार नाही, पण इथल्या अनेक घरांत एसी तर नाहीच, पंखाही नसतो. उकडतंय म्हणून लोकांनी भर दुपारी खिडक्या सताड उघडल्या आणि बाहेरची भट्टी घरात घेतली. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून बसायचं हे न सांगता कळतं. इथे ते ज्ञानच नव्हतं, कारण आजवर लागलं नव्हतं. मोटारीला मात्र ते शिकवलेलं असतं: बाहेर आतल्यापेक्षा गरम असेल तर बंद.

पुढच्या वर्षी धूर आला. १० सप्टेंबर २०२२ला कॅस्केड डोंगरांत बोल्ट क्रीकची आग लागली. ती आणि आणखी काही आगी पाऊस लांबल्याने ऑक्टोबरातही धुमसत राहिल्या, आणि त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सिॲटलची हवा जगातल्या मोठ्या शहरांत सर्वांत वाईट होती. त्या जंगलांत डग्लस फरच आहे. एकच झाड आत खांब होऊन उभं आणि बाहेर धूर होऊन आत शिरू बघतंय. त्या दिवसांत ज्या इमारतींची कवाडं यंत्रणेच्या ताब्यात होती आणि हवा गाळून घ्यायची सोय होती, तिथल्या लोकांचे घसे वाचले. मोकळेपणाला धर्म मानणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला जड गेलं. उघडणं म्हणजे चांगलं आणि मिटणं म्हणजे वाईट, असं काही नसतं. देहाच्या नऊ दरवाजांनाही आपल्या परंपरेत कुणी सदासर्वदा उघडं ठेवायला सांगितलेलं नाही.

तेव्हा हाताला खिडकी पाहिजे, आणि हात नेहमी शहाणा नसतो. या दोन्हींत मार्ग कुठे आहे ते मला शेवटी श्वासाने दाखवलं. प्राणायामाला बसलेल्या कुणालाही हे माहीत असतं. हृदयाला आपण सांगू शकत नाही, जठराला सांगू शकत नाही. श्वासाचं तसं नाही. तो झोपेतही चालतो, आपली परवानगी न मागता चालतो, पण मनात आलं तर आपण तो हातात घेऊ शकतो, रोखू शकतो, लांबवू शकतो. लक्ष दुसरीकडे गेलं की तो मुकाट्याने आपल्या लयीत परत जातो. रागावत नाही, ‘तुम्ही मघाशी अडथळा आणला’ म्हणून नोंद ठेवत नाही. आणि फार वेळ कोंडून धरला तर मात्र ऐकत नाही, तो सुटतोच. पतंजलींनी प्राणायामाला आसनानंतर आणि प्रत्याहाराआधी जी जागा दिली, ती मला आता फार नेमकी वाटते. देह संपला नाही आणि मन सुरू झालं नाही अशा उंबऱ्यावर तो आहे, अर्धा आपला, अर्धा आपला नाही.

आमच्या भाषेत याला ओव्हरराइड म्हणतात. प्रत्येक खिडकीजवळ एक बटण. दाबलं की यंत्रणा बाजूला होते आणि तुम्ही म्हणाल ते होतं, ठरलेल्या वेळापुरतं. ते बटण आमच्या इमारतीतही होतं. फरक एवढाच, की दाबल्यानंतर वीस मिनिटांनी यंत्रणा पुन्हा आपला नियम लावायची आणि बंद केलेली खिडकी परत उघडायची. वीस मिनिटांचा तो आकडा कुणी फार विचार करून टाकलेला नसतो, तो यंत्राबरोबर येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दुपारभर खिडकी बंद करत होत्या आणि दुपारभर ती उघडत होती. अशा श्वासाला आपण आजार म्हणू.

इमारतीचे व्यवस्थापक बटण काढूनच टाकायच्या बाजूचे होते. त्यांचं म्हणणं अगदी वेडगळ नव्हतं. लोक खिडकी उघडी टाकून घरी जातात, पहाटे हीटर चालू होतो आणि उष्णता रस्त्यावर जाते. त्यांना निदान कुणी दाबलं हे तरी कळायला हवं होतं. प्रत्येकाच्या ओळखपत्राशी बटण जोडता येतं, महिन्याच्या शेवटी यादी निघते. पूर्वी मी हे काम निमूटपणे केलं असतं, पैसे मिळतात त्याचे. या वेळी मी त्यांना समजावलं, की यादी निघू लागली की बटण असून नसल्यासारखं होईल, लोक त्याला हात लावणार नाहीत आणि मग त्यांना दीड अंशाचं सुख यंत्राने विकत घेऊन द्यावं लागेल. पैशांत सांगितलं की माणसं ऐकतात. ताईला हा युक्तिवाद क्षुद्र वाटला.

शेवटी झालं ते असं. वीस मिनिटांच्या जागी ‘संध्याकाळी सहापर्यंत’ असं आलं. सहानंतर यंत्रणा सगळं आपल्याकडे घेते, म्हणजे रात्रीची पंचाईत नाही. कुणी दाबलं याची नोंद ठेवायची नाही, किती वेळा दाबलं एवढीच ठेवायची, कारण एखाद्या कोपऱ्यात रोज दाबलं जात असेल तर तिथे माझा नियम चुकतो आहे. धुराच्या आणि अति उन्हाच्या दिवशी बटण चालणार नाही, पण तेव्हा शेजारच्या छोट्या पडद्यावर कारण लिहून येईल: बाहेर धूर आहे, किंवा बाहेर आतल्यापेक्षा गरम आहे. आणि त्या ओळीखाली, मी हट्टाने घालून घेतलेली, आणखी एक ओळ: हा नियम कोणी लिहिला, त्याचं नाव आणि फोन. नाव माझं आहे.

व्यवस्थापकांनी बजावलं होतं की लोक दिवसरात्र फोन करतील. पहिला फोन बऱ्याच दिवसांनी आला, आणि तो लिफ्टबद्दल होता.